सिनेमाला खोली आहे

जुन्या, गाजलेल्या, जगभर नावाजलेल्या अमेरिकन गंभीर सिनेमांविरुद्ध माझी एक तक्रार आहे. तक्रारीच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही, कारण मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्याच खिडकीवर बसतो. मीटर उलटा फिरतो इथपासून शेजाऱ्याच्या नळाला आमच्यापेक्षा मोठी धार येते इथपर्यंत सगळं मी ऐकलेलं आहे. खरी तक्रार कुठली आणि नुसती जळजळ कुठली, हे मला माणूस रांगेत असतानाच कळतं. माझी तक्रार खरी आहे. हे सिनेमे कंटाळवाणे आहेत.

इतकं साधं वाक्य, पण ते तोंडातून बाहेर काढायला मला हॉलभर माणसं जमवावी लागली. त्याला कारण आमचे सासरे.

सासरे कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून ते आपल्या घरी एकटेच राहत होते, मेहुणा समुद्रापार. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली, आणि एकदा आणल्यावर त्यांनी आता कायमचं इथेच राहावं असं तिच्या मनाने घेतलं. सासऱ्यांच्या मनाने काही घेतलं नाही. दोन्ही डोळे झाले की मी निघतो, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं, आणि आपली बॅग पूर्ण अशी कधी उघडलीच नाही. लागेल तो कपडा ते वरच्या वर काढत आणि पुन्हा चेन लावून ठेवत. ती चेन लावल्याचा आवाज आला की बायकोचा चेहरा पडायचा.

माझं आणि सासऱ्यांचं भांडण वगैरे काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. लग्न झाल्यापासून ते मला 'जावईबापू' म्हणत आले आणि 'आपण' असं संबोधत आले. माझ्याच घरात, माझ्याच पंख्याखाली बसून ते विचारत, "जावईबापू, आपली हरकत नसेल तर पंखा एक घर कमी करू का?" एवढा मान मिळाल्यावर माणूस दुसरं करणार काय, मीही 'आपण' म्हणायला लागलो. दोन परक्या देशांचे वकील भेटावेत तसे आम्ही चहाला भेटायचो. आमचं बोलणं हवापाण्याच्या पुढे कधी गेलं नाही, आणि पाणी हा माझा ऑफिसातला विषय असल्यामुळे तो मी घरी टाळतो. म्हणजे उरली फक्त हवा.

"ते इथे पाहुण्यासारखे राहतायत," बायको म्हणाली. "पाहुणा आज ना उद्या जातोच. तुम्ही त्यांच्याशी काहीतरी आपलेपणाने बोला ना."

मी म्हटलं, बोलतो. इथून पुढच्या सगळ्या आपत्तीचं मूळ हा एक शब्द आहे.

सासऱ्यांनी बॅगेबरोबर एक पत्र्याची पेटी आणली होती. आपलेपणाचा आरंभ म्हणून मी तिच्याबद्दल विचारलं. तर तिच्यात सिनेमे निघाले. सगळे जुने, सगळे अमेरिकन, सगळे काळेपांढरे, आणि प्रत्येकाच्या वेष्टणावर एक माणूस खिन्नपणे बाजूला बघत असलेला. कॉलेजात असताना ते मुलांना हे सिनेमे दाखवून त्यावर बोलत असत. पण आता एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, आणि पडद्याकडे बघायचं नाही अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद. मी आपली हळहळ व्यक्त केली. त्यावर सासरे अत्यंत आदराने म्हणाले, "जावईबापू, आपण बघा. मला ऐकू उत्तम येतं. काय दिसतंय तेवढं मधूनमधून सांगत चला."

ऐकायला हे सोपं वाटतं. पण क्रिकेटची कॉमेंट्री करणाऱ्याला निदान चेंडू तरी असतो. इथे पहिल्या सिनेमात एका लहान गावातला हार्डवेअरचा दुकानदार होता. तो घरी आला, त्याने टोपी काढली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

सासरे म्हणाले, "काय चाललंय?"

मी म्हटलं, "तो खिडकीतून बघतोय."

बराच वेळ गेला. "आणि आता?"

"अजून बघतोय."

"बायको?"

"ती त्याच्याकडे बघतेय."

असं करत आम्ही अर्ध्यावर आलो. दुकानदाराने दुकान विकून टाकलेलं होतं आणि ते बायकोला सांगितलेलं नव्हतं. बस्स, एवढीच गोष्ट. ती सांगायला त्यांनी दोन तासांवर वेळ घेतला होता. मला सारखं वाटत होतं की हा माणूस माझ्या खिडकीवर आला असता तर मी त्याच्या हातात एक अर्ज दिला असता, 'सौभाग्यवतींना लेखी कळवा' असं सांगितलं असतं आणि पुढच्याला बोलावलं असतं. शेवटी शेवटी कॅमेरा त्याच त्या रिकाम्या खोलीवर येऊन थांबला. माणूस गेला, बायको गेली, टेबल-खुर्ची तेवढी राहिली. मी इतका कंटाळलो होतो की वाक्य जुळवायचंही त्राण नव्हतं.

"काय जाणवतंय, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "खोली आहे."

सासरे खुर्चीत सरळ झाले. पट्टी नसलेला डोळा त्यांनी माझ्याकडे वळवला. "वा," ते म्हणाले. "इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण हे एका शब्दात कोणी पकडलं नव्हतं. खोली आहे. अगदी बरोबर. खोली आहे."

आता मराठी भाषेने राहायच्या जागेला आणि विहिरीच्या तळाला एकच शब्द ठेवला, यात माझा काय दोष? पण खुलासा करावा असं तोंडाशी आलं तेवढ्यात मला दारात बायको दिसली. तिने वडिलांना असं खुललेलं सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी खुलासा गिळला आणि वर 'बरीच खोली आहे' असंही म्हणालो.

त्यानंतर रोज संध्याकाळी सिनेमा. ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी येऊन अमेरिकेच्या. या लोकांच्या काही सवयी माझ्या डोक्यात गेल्या त्या गेल्याच. हे फोनवर बोलतात आणि 'ठेवतो' न म्हणता ठेवून देतात. बायको एवढा स्वयंपाक करून वाढते आणि प्रत्येक वेळी पहिल्या घासाआधी कोणीतरी ताटावरून उठतं. अख्ख्या पेटीत एकही माणूस पोटभर जेवलेला मी पाहिला नाही. मोटार चालवताना रस्ता सोडून शेजारणीकडे बघत बोलतात. आणि घराघरांत इतका अबोला की आमच्या बिल्डिंगमध्ये एका आठवड्यात जेवढं बोललं जातं तेवढं त्यांच्या तीन पिढ्यांत झालं नसेल. आणि या सगळ्याला नावाजलेल्या लोकांनी नावाजलं आहे. मला आपलं वाटत राहिलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. हा अपमान मी रोज संध्याकाळी आपल्याच सोफ्यावर बसून सोसत होतो.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर सासऱ्यांचा डोळा बघायला आला (दाताच्या डॉक्टरने डोळा का बघावा, हे मी विचारलं नाही), तेव्हा सासरे त्याला म्हणाले की आमच्या जावईबापूंना सिनेमाची दृष्टी आहे. हे ऐकून तो माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, जणू मी इतकी वर्षं त्याच्यापासून एक दात लपवून ठेवला होता. मग सल्ले सुरू झाले. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, असले सिनेमे बघताना हातात विणकाम असावं, एक स्वेटर पदरात पडतो. बँकेतून निवृत्त झालेला शेजारी जिन्यात गाठून हळूच म्हणाला, दुप्पट वेगाने लावा. सासरे आंघोळीला गेले असताना मी तेही करून पाहिलं. दुप्पट वेगातही तो माणूस खिडकीत तितकाच स्तब्ध उभा होता.

अशात एके दिवशी दातांच्या डॉक्टरने डोकं लढवलं की हा हार्डवेअरवाला सिनेमा खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवावा आणि आधी मी चार शब्द बोलावेत. सासऱ्यांचा दुसराही डोळा एव्हाना होऊन गेला होता, काळा चष्मा लावून थोडा वेळ बघायची परवानगी मिळाली होती, आणि त्यांनी जायची तारीखही पक्की केली होती. जायच्या आधीचा रविवार ठरला. "बघा, कदाचित राहतील," बायको म्हणाली. त्या 'कदाचित'वर मी होकार दिला.

आमच्या हॉलची किल्ली खजिनदाराकडे असते, परवानगी सेक्रेटरीकडे, आणि त्या दोघांत पार्किंगवरून बोलणं बंद. म्हणजे तेही एक अमेरिकन घरच. सेक्रेटरीने विचारलं, कार्यक्रम करमणुकीचा आहे की सांस्कृतिक? करमणुकीचा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, सांस्कृतिकला लागत नाही. मी म्हटलं सांस्कृतिक. ते म्हणाले, तसं लिहून द्या. तेव्हा 'सदर चित्रपटात कोणत्याही प्रकारची करमणूक नाही याची मी स्वतः खात्री केली आहे' असं मी लिहून सही केली. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून घडलेलं हे एकमेव सत्यकथन.

प्रोजेक्टर ऑफिसातून आणायचा होता. आमच्याकडे पाणी वाचवा मोहिमेसाठी घेतलेला एक धूळ खात पडला आहे. हेडक्लार्क म्हणाले, पाण्याशी संबंधित कारणाशिवाय तो बाहेर जात नाही. खिडकीबाहेर तळं आहे असं सिनेमात कोणीतरी म्हणतं, ते मला आठवलं, आणि 'जलाशयविषयक' असं कारण मी नोंदवलं. मला वाटलं तिथे विषय संपला. पण रविवारी हेडक्लार्क स्वतः हजर झाले आणि पहिल्या रांगेत बसून पाणी कधी येतं याची वाट बघू लागले.

इंग्रजी सगळ्यांना झेपणार नाही म्हणून दातांच्या डॉक्टरने कुठूनतरी मराठी अक्षरं मिळवली होती, पडद्याच्या खाली उमटतात ती. माझी चार शब्दांची प्रस्तावना झाली. तीत मी 'खोली' हा शब्द तीनदा वापरला, आणि तिन्ही वेळा सासऱ्यांनी काळ्या चष्म्याआडून मान डोलावली. मग सिनेमा सुरू झाला. दुकानदार घरी आला, टोपी काढली, खिडकीशी गेला. बायकोने त्याला काहीतरी विचारलं आणि खाली अक्षरं उमटली: 'घोड्याला पाणी दाखव, टोळी डोंगर उतरतेय.'

अक्षरं दुसऱ्याच कुठल्यातरी मारधाडीच्या सिनेमाची होती. मी घाम पुसत डॉक्टरकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. बंद करावं तर सासरे ऐकण्यात रंगून गेलेले. त्यांना खालचं बारीक अक्षर अजून वाचता येत नव्हतं, आणि लागतही नव्हतं. गंमत म्हणजे लोकांना सिनेमा आवडायला लागला. दुकानदार दहा मिनिटं गप्प उभा आणि खाली दरोड्याची वाटणी चाललेली. पाणी शब्द वाचून हेडक्लार्क तर समाधानाने मागे टेकले. बायको घर सोडून जाते तिथे खाली 'मागून गोळी घालू नकोस, मर्दासारखा समोर ये' असं आलं, तेव्हा काकूंनी स्वेटर खाली ठेवला आणि डोळे पुसले. घोडा म्हणजे तिचं मन, असं त्या शेजारणीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

दिवे लागले. बँकवाला शेजारी उभा राहिला आणि म्हणाला की आपल्यात जाणकार आहेतच, तर त्यांनी सांगावं, तो एवढा वेळ खिडकीतून बघतो त्याचा अर्थ काय.

सगळे माझ्याकडे वळले. सासरेही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की तसा माझ्या वाट्याला माझ्या आईकडूनही कधी आला नव्हता. मी तोंड उघडलं. खोटं बोलायची माझी तयारी होती, देवाशपथ होती. पण तो माणूस ती खिडकी घेऊन किती आठवडे माझ्या उरावर बसला होता, ते सगळं एकदम घशाशी आलं.

मी म्हटलं, "काही अर्थ नाही. त्याला दुसरं काही सुचत नाही म्हणून तो बघतोय. मी हा सिनेमा आज चौथ्यांदा बघितला, मला चारही वेळा कंटाळा आला. मला हे सगळेच सिनेमे कंटाळवाणे वाटतात. आणि खोली आहे म्हणजे राहायची खोली आहे असं म्हणालो होतो मी. टेबल-खुर्चीची."

सासरे हळूहळू उठले, काठी चाचपून घेतली आणि लिफ्टकडे चालू लागले. बायको माझ्याकडे न बघता त्यांच्यामागे गेली. सेक्रेटरीने तेवढ्यात, प्रोजेक्टर हलवताना फरशीला ओरखडा पडल्याचं माझ्या निदर्शनास आणून दिलं.

घरी आलो तर सासऱ्यांच्या खोलीचं दार लावलेलं. आतून चेनचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरात उभी होती, ती एवढंच म्हणाली, "उद्याच जातो म्हणतायत." मला स्वतःची इतकी शरम वाटली की तोंडात मारून घ्यावं. सहा आठवडे कंटाळा गिळला, आणखी एक मिनिट गिळला असता तर काय बिघडलं असतं? मी दार वाजवलं आणि आत गेलो. ते बॅगेशेजारी पलंगावर बसले होते.

मी म्हटलं, "आपली क्षमा मागायला आलो. चारचौघांत मी असं बोलायला नको होतं."

"चारचौघांचं मला काही नाही," सासरे म्हणाले. "त्याला सुचत नाही म्हणून तो बघतो, असं म्हणालात आपण. जन्मभर उभं केलेलं दुकान गेलंय त्याचं. त्याला सुचत नाही?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकदा खरं बोललं की जिभेला चटक लागते. मी म्हटलं, "दुकान गेलं तर बायकोला सांगावं ना. ती काय खाणार होती त्याला? सबंध सिनेमा ती बिचारी विचारतेय, काय झालंय, काय झालंय. एका वाक्याचं काम."

"एका वाक्याचं?"

"एका. आमच्या खिडकीवर अशी माणसं रोज येतात. तासभर रांगेत उभी राहतात आणि नंबर आला की काही नाही म्हणून परत जातात. अशा माणसाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही."

"अरे गाढवा," सासरे ओरडले, "तेच तर आहे त्याच्यात. सांगता येत नाही रे माणसाला. तुला काय वाटतं, त्याला सांगायचं नव्हतं? टोपी काढून तो तोंड उघडतो, ते तरी बघितलंस का, का तेव्हाही झोपला होतास?"

"नव्हतं उघडलं त्याने तोंड."

"उघडलं होतं. आंधळा मी आहे का तू?"

"मी चार वेळा बघितलाय."

"चाळीस वेळा बघ. डोळे असून बघत नाहीस त्याला मी काय करू? माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता."

मीही आवाज चढवला. तोंड उघडलं असेल तर जांभई द्यायला उघडलं असेल, असं म्हणालो. त्यांनी काठी आपटली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छतावर ठोकलं, तेव्हा आम्ही दोघेही दम घ्यायला थांबलो. माझी कानशिलं तापली होती. बघतो तर बायको दारात उभी, हातातला टॉवेल तोंडाशी धरलेला.

"गाढव म्हणाले ते तुम्हाला," ती पुटपुटली. "ते फक्त दादाला म्हणायचे."

सासऱ्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते. मग हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पण अशीच विचारायची. काय झालंय, काय झालंय. मीही काही सांगितलं नाही कधी." सासूबाईंबद्दल बोलत आहेत हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मी त्यांची बॅग पलंगावरून उचलून खाली ठेवली आणि तिथे बसलो.

ते खाकरले. "लाव तो पहिल्यापासून," ते म्हणाले. "तोंड उघडतो की नाही, आत्ता दाखवतो तुला."

मी म्हटलं, आत्ता नको, परत कधीतरी.

"बरं," सासरे म्हणाले. "मग उद्या माझ्याबरोबर घरी चल. सगळं सामान एकदाच घेऊन येऊ. तिकडे अजून दोन पेट्या आहेत सिनेमांच्या, त्या तुला दाखवल्याशिवाय मी काही तुला सोडत नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारणं वेगवेगळी होती.